मोठा कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला घर भाड्याने द्यावे का? खान्देशातील घरमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

भुसावळला बदलून आलेला रेल्वे कर्मचारी, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेले डॉक्टर, धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलातला जवान किंवा नंदुरबारच्या शाखेत आलेला बँक अधिकारी घर शोधायला निघतो, तेव्हा त्याच्यासोबत कधीकधी एखादा लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डही असतो. अशा वेळी बहुतेक घरमालक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण फोनवरच "कुत्रा असेल तर जमणार नाही" म्हणून विषय संपवतात आणि चांगला, नियमित भाडे देणारा भाडेकरू गमावतात. तर काही जण खोली बरेच दिवस रिकामी आहे म्हणून कुत्रा न पाहताच होकार देतात आणि पुढे गल्लीतल्या तक्रारी, ओरखडलेली दारे आणि गोचिडांनी भरलेल्या भिंती यांना तोंड देत बसतात. हे दोन्ही निर्णय माहितीशिवाय घेतलेले असतात.

माझे मत स्पष्ट आहे. कुत्रा केवळ मोठा आहे म्हणून नकार देऊ नये आणि भाडेकरू केवळ सभ्य दिसतो म्हणून होकारही देऊ नये. आपले घर त्या कुत्र्याला झेपेल का आणि त्या कुत्र्याच्या मागे शिस्तीचा माणूस आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष पाहून मिळवावीत. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर सर्व अटी नोंदणीकृत करारात लिहून घर द्यावे, आणि एक जरी उत्तर नकारार्थी असेल तर टोकन घेण्यापूर्वीच तसे सांगावे. हे कसे करायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: आधी आपले घर पाहावे

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात उन्हाळ्यापासून करावी लागते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि काही वर्षी त्याच्याही वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असली की हा उपाय अपुरा पडतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, किंवा थेट स्लॅबखालची आणि एकच खिडकी असलेली खोली मोठ्या कुत्र्यासाठी देऊच नये. कूलर आहे म्हणून चालेल, असे भाडेकरू सांगतात. परंतु हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी नसेल तर कूलर खोलीत फक्त दमटपणा वाढवतो, आणि वीज गेली की तोही बंद पडतो. सेंट बर्नार्ड, हस्की यांसारख्या दाट केसांच्या, थंड प्रदेशातील जातींच्या बाबतीत मी आणखी कठोर राहीन. भाडेकरूकडे एसी आणि इन्व्हर्टर या दोन्हींची सोय नसेल, तर खान्देशात अशा कुत्र्यासह घर देणे म्हणजे त्या मुक्या जिवाच्या हालांना हातभार लावणे आहे. याउलट जुन्या जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर, खालच्या मजल्यावरची शहाबादी फरशीची खोली, किंवा मागे निंबाची सावली असलेले अंगण मोठ्या कुत्र्याला सिमेंटच्या नव्या बांधकामापेक्षा अधिक मानवते.

दुसरी बाब कंपाउंडची. मोठा कुत्रा चार फुटांची भिंत सहज ओलांडतो, त्यामुळे भिंत किंवा तिच्यावरची जाळी किमान साडेपाच-सहा फुटांपर्यंत गेलेली असावी, फाटकाच्या खालची फट बंद असावी आणि कडी बाहेरून कोणालाही सहज उघडता येईल अशी नसावी. दूधवाला, गॅस सिलिंडर आणणारा, वीज मीटरचे रीडिंग घेणारा आणि खेळताना चेंडू आत गेला म्हणून फाटक ढकलणारी मुले हेच बहुतेक प्रसंगांत समोर येतात. मीटर फाटकाच्या आत असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर घेता येईल का, याची चौकशी वीज कंपनीच्या कार्यालयात करून ठेवावी. गच्ची भाडेकरूच्या वापरात असेल तर तिचा कठडाही तपासावा.

तिसरी बाब जिन्याची आणि सामाईक जागेची. एकाच वाड्यात तीन-चार बिऱ्हाडे, एकच अरुंद जिना आणि एकच मोरी असेल, तर कुत्रा कितीही शांत असला तरी रोज कोणी ना कोणी त्याला भिऊन अंग चोरून उभे राहणार. स्वतंत्र प्रवेश असलेला रो हाऊस किंवा प्लॉटवरचे सुटे घर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आणि पाणी. आमच्या कित्येक गावांत नळाला एक दिवसाआड, तर काही ठिकाणी त्याहूनही बऱ्याच दिवसांच्या अंतराने पाणी येते. ३० किलोचा कुत्रा साधारण दिवसांत दीड ते दोन लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पण खरा खर्च पिण्याचा नसून अंगण धुण्याचा आणि त्याला अंघोळ घालण्याचा असतो. एकाच टाकीवर दोन बिऱ्हाडे असतील तर एप्रिल-मेमध्ये भांडण कुत्र्यावरून नव्हे, पाण्यावरून पेटते. स्वतंत्र टाकी किंवा बोअरची सोय असेल तरच पुढे जावे.

दुसरी पायरी: कायदा काय सांगतो, ते समजून घ्यावे

याबाबत दोन्ही बाजूंनी बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटी किंवा रहिवासी संघटना बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, कुत्र्याच्या आकारावरून भेद करू शकत नाही आणि लिफ्ट वापरण्यास मनाई करू शकत नाही. या सूचना सोसायटी आणि रहिवासी यांच्या संबंधांपुरत्या आहेत. आपले स्वतःचे घर कोणाला आणि कोणत्या अटींवर भाड्याने द्यायचे, हे घरमालकच ठरवतो. म्हणजे तुमचा फ्लॅट सोसायटीत असेल आणि तुम्ही कुत्र्यासह भाडेकरू ठेवलात, तर "आमच्या इमारतीत कुत्रा चालणार नाही" असे सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले तरी घाबरण्याचे कारण नाही. पण तुम्ही करारात कुत्रा ठेवण्यास मनाई केली असेल, तर त्या सूचना दाखवून भाडेकरू ती अट मोडू शकत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल तर वाद झाल्यावर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे याच कलमात आहे. म्हणून कुत्र्याबाबतची तोंडी बोलणी, कितीही सलोख्याने झालेली असली, तरी त्यांच्यावर विसंबू नये.

प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याला लागते, म्हणून कुत्रा कोणाच्या ताब्यात आहे हे करारात नावानिशी लिहिलेले असणे घरमालकाच्या हिताचे आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार कुत्र्याला आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे आणि पाळीव प्राण्याला सोडून देणे हे तिन्ही गुन्हे आहेत. "बांधून ठेवा, मग चालेल" ही घरमालकांची आवडती अट म्हणूनच घालू नये. ती भाडेकरूला गुन्हा करायला सांगते, आणि दिवसभर बांधलेला कुत्रा अधिक चिडका आणि अधिक भुंकणारा होतो.

जातीवरच्या बंदीची विचारणाही अनेकदा होते. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ यांसह २३ जातींच्या आयात, विक्री आणि पैदाशीवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले होते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यामुळे निव्वळ जातीच्या नावावरून कायद्याचा धाक दाखवू नये. मात्र ताकदीचा विचार घरमालकाने जरूर करावा. लहान मुले असलेल्या सामाईक वाड्यात रॉटवायलर किंवा मास्टिफ ठेवण्यास मी संमती देणार नाही, कारण तिथे एका चुकीची किंमत फार मोठी असते.

तिसरी पायरी: भाडेकरूशी पहिले बोलणे

पहिला प्रश्न जातीचा विचारू नये. पहिला प्रश्न असा असावा: दिवसभर घरी कोण असते? भुसावळसारख्या ठिकाणी लोको पायलट किंवा गार्डच्या ड्यूटीला ठरावीक वेळ नसते. माणूस एकटा राहत असेल आणि बारा-पंधरा तास बाहेर असेल, तर त्याचा कुत्रा कितीही गुणी असला तरी एकटेपणाने भुंकणार, दार खरवडणार आणि घरातच घाण करणार. घरात आई-वडील किंवा पत्नी असेल, तर त्यांना तो कुत्रा आवरतो का, हे विचारावे. पुष्कळदा कुत्रा फक्त एकाच माणसाचे ऐकतो आणि नेमका तोच माणूस दिवसभर कामावर असतो.

त्यानंतर वय विचारावे. तीन महिन्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू सगळ्यांनाच आवडते. पण वर्षभरात ते २५ ते ३६ किलोचे होते. जर्मन शेफर्ड २२ ते ४० किलोपर्यंत, तर ग्रेट डेन ५० किलोच्याही वर जातो. आपला नेहमीचा करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे सही करताना मांडीवर बसणारे पिल्लू करार संपेपर्यंत पूर्ण वाढलेला कुत्रा झालेले असते. आणि दात येण्याचा, सर्व काही कुरतडण्याचा काळही याच अकरा महिन्यांत येतो. माझ्या मते तीन-चार वर्षांचा, शिकवलेला, नसबंदी झालेला मोठा कुत्रा हा पिल्लापेक्षा कितीतरी सुरक्षित भाडेकरू आहे. मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर साधारण दर सहा-आठ महिन्यांनी ती माजावर येते आणि गल्लीतले सगळे कुत्रे फाटकाशी जमतात, हेही ध्यानात घ्यावे.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे संकोचामुळे विचारला जात नाही आणि मग तोच वादाचे मूळ ठरतो. अनेक घरमालक घरात मांसाहार शिजवू न देण्याच्या अटीवर घर देतात, आणि मोठ्या कुत्र्याला बहुधा उकडलेले चिकन किंवा अंडी दिली जातात. तुमची अशी अट असेल तर ती कुत्र्याच्या जेवणालाही लागू आहे का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे. तयार कोरड्या खाद्यावर राहणारा कुत्रा असेल तर हा प्रश्न उरत नाही.

शेवटी मागील घरमालकाचा फोन नंबर मागावा आणि खरोखर फोन करावा. "कुत्रा कसा होता?" असे विचारल्यास "चांगला होता" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "त्यांनी घर सोडल्यावर तुम्हाला काय काय दुरुस्त करावे लागले?" असे विचारावे.

चौथी पायरी: कुत्र्याला भेटावे

ही पायरी कधीही गाळू नये. भेट संध्याकाळी, ऊन उतरल्यावर ठेवावी आणि शक्य असल्यास भाडेकरूच्या सध्याच्या घरी जावे, कारण तेथे कुत्र्यासोबत घरही दिसते. जाताना अचानक जाऊ नये, पण फाटकाशी पोहोचल्यावर फोन न करता कडी वाजवावी. कुत्रा भुंकेल, त्यात वावगे काही नाही, तो त्याचा धर्म आहे. पाहायचे ते पुढचे. मालकाने आवाज दिल्यावर तो किती वेळात थांबतो? मालक त्याला नावाने आणि शांतपणे बोलावतो, की पट्टा ओढून आणि ओरडून मागे खेचतो? तुम्ही आत येऊन बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कुत्रा जमिनीवर अंग टाकून शांत होतो का, की शेवटपर्यंत ताठ उभा राहून तुमच्याकडे रोखून पाहत राहतो? घरातली बाई किंवा वयस्क माणूस त्याला एका शब्दात बसवू शकतो का?

मग कुत्र्याच्या अंगाकडे पाहावे. नखे वाढून फरशीवर टकटक वाजत असतील, तर त्याला पुरेसे फिरवले जात नाही आणि तीच नखे उद्या तुमच्या दारावर चालणार आहेत. मानेभोवतीचे केस झडून कातडी काळी पडली असेल, तर तो बराच वेळ बांधलेला असतो. मालकाला त्याचे कान उलटून दाखवायला सांगावे. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचिडी असतील तर त्या लगेच दिसतात. त्यानंतर त्या घराच्या दाराची खालची बाजू, चौकटीच्या भेगा आणि कोपऱ्यातला वास यांकडे लक्ष द्यावे. सहा महिन्यांनी तुमचे घर कसे दिसेल, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

लसीकरण कार्ड मूळ स्वरूपात पाहावे आणि त्याचा फोटो घ्यावा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, बहुधा दरवर्षी दिली जाते. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांच्या लसींच्याही नोंदी असाव्यात. कार्डावर पशुवैद्यकाची सही-शिक्का आणि लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले असते. कार्ड हरवले असल्याचे सांगितल्यास, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा खासगी पशुवैद्यकाकडून नव्याने लस देऊन कार्ड आणल्यावरच करार करावा. पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना लागतो का, हेही कार्यालयात विचारून तो भाडेकरूच्या नावाने काढायला लावावा.

कुत्रा पाहून झाल्यावर शेजाऱ्यांना आणि इतर बिऱ्हाडांना सांगावे. हे मतदान नव्हे. पण शेजारी कोणी कुत्र्याला फार घाबरणारे मूल किंवा काठी घेऊन चालणारे वृद्ध असतील तर ते आधी कळलेले बरे.

पाचवी पायरी: करारात काय लिहावे

"पाळीव प्राण्यास परवानगी" असे तीन शब्द लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. मजकूर असा असावा (यात परवानाधारक म्हणजे भाडेकरू): "परवानाधारकास या जागेत केवळ पुढील वर्णनाचा एक कुत्रा ठेवण्यास परवानगी दिली आहे: जात लॅब्राडोर, नर, रंग काळा, वय ३ वर्षे, नसबंदी झालेला. हा कुत्रा परवानाधारकाच्या मालकीचा व ताब्यात असून त्याच्या सर्व वर्तनाची जबाबदारी परवानाधारकाची राहील. दुसरा कोणताही प्राणी, तात्पुरता असला तरी, घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत ठेवता येणार नाही." शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे, कारण एका कुत्र्याचे दोन होणे ही सर्वांत नेहमीची तक्रार असते.

याशिवाय पुढील गोष्टी प्रत्येकी एका वाक्यात याव्यात. सामाईक जिना, अंगण आणि रस्त्यावर कुत्रा पट्ट्याशिवाय आणणार नाही. विष्ठा त्याच वेळी उचलली जाईल. लसीकरण आणि गोचिडींवरचे उपचार वेळच्या वेळी करून नोंद दाखवली जाईल. कुत्र्याने कोणाला चावल्यास उपचाराचा पूर्ण खर्च परवानाधारक देईल. कुत्रा एकटा किती तास राहील, याची मर्यादा लिहावी. आठ तास ही व्यवहार्य मर्यादा आहे. घर सोडताना किंवा बदली झाल्यास कुत्रा सोबत नेला जाईल, आणि गावाला जाताना तो घरात एकटा कोंडून ठेवला जाणार नाही. शेवटच्या दोन अटी औपचारिक वाटतात, परंतु बदलीनंतर कुत्रा मागे सोडून जाण्याचे प्रकार घडतात, आणि १९६० च्या कायद्यात पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड आजही केवळ १० ते ५० रुपये असल्याने खरा वचक कराराचा आणि अनामतीचाच असतो.

अनामत रकमेबाबत माझा आग्रह आहे की कुत्र्यासाठी दरमहा जास्त भाडे लावू नये, त्याऐवजी एका महिन्याच्या भाड्याएवढी परत करण्याची अनामत जास्त घ्यावी. दरमहा पाचशे रुपये जास्त घेतले की नुकसानीची किंमत आपण भरतोच आहोत, अशी भाडेकरूची समजूत होते. परत मिळणारी रक्कम असेल तर तो दार खरवडले जाऊ नये म्हणून स्वतः लक्ष देतो. ही जास्तीची अनामत करारातच दाखवावी. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत करायच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के लागते. ८,००० रुपये भाडे, अकरा महिने आणि ३२,००० रुपये अनामत धरली, तर हिशेब ९१,००० रुपयांच्या आसपास येतो आणि शुल्क सुमारे २३० रुपये होते. त्यातील जास्तीच्या ८,००० अनामतीचा वाटा दोन रुपयांइतकासुद्धा नसतो. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. एवढ्या खर्चासाठी रोख रक्कम कराराबाहेर घेऊन पुढचा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

सहावी पायरी: घर तयार करणे आणि नोंद ठेवणे

भिंतींना खालून साडेतीन फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा दिला, तर कुत्र्याने अंग घासल्याचे डाग ओल्या फडक्याने निघतात. साध्या डिस्टेंपर रंगावर ते कायमचे राहतात. फ्लश डोअरच्या खालच्या अर्ध्या भागावर आतून ॲल्युमिनियमचा किंवा जाड ॲक्रिलिकचा पत्रा ठोकून घ्यावा. टाइल्सचे सांधे पांढऱ्या सिमेंटचे असतील तर ते इपॉक्सीने भरून घेणे उत्तम, कारण मूत्र सांध्यांत मुरले की वास जात नाही. या कामांचा खर्च कोण करणार हे आधीच ठरवावे. माझ्या मते टिकाऊ सुधारणा घरमालकाने कराव्यात, कारण त्या पुढच्या भाडेकरूलाही उपयोगी पडतात.

ताबा देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यावा आणि तो गुडघ्याच्या उंचीवरून घ्यावा. आपण नेहमी डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढतो आणि कुत्र्याचे नुकसान खालीच असते. चौकटी, डासांच्या जाळीचे दार, ओट्याखालचे कप्पे, फाटक. हाच व्हिडिओ त्याच दिवशी दोघांच्या फोनवर असावा.

सातवी पायरी: वर्षभरात कोठे लक्ष द्यावे

सर्वांत मोठे नुकसान दातांनी किंवा नखांनी होत नाही, ते गोचिडींमुळे होते, आणि ते घरमालकांना सर्वांत उशिरा कळते. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड अंड्यापासून मोठी होईपर्यंतचे आपले सगळे आयुष्य घरातच काढू शकते. रक्ताने फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून चौकटीच्या भेगेत, स्कर्टिंगच्या मागे किंवा छताच्या कोपऱ्यात जाते आणि तेथे हजारो अंडी घालते. कुत्रा गेल्यानंतरही त्या काही महिने उपाशी जगू शकतात. म्हणून दर तीन महिन्यांनी, आदल्या दिवशी कळवून घर पाहण्याची अट करारात ठेवावी आणि त्या वेळी बॅटरीच्या उजेडात भेगा पाहाव्यात. गोचिडी दिसल्यास कुत्र्यावर पशुवैद्यकाचे औषध आणि घरात फवारणी हे दोन्ही एकाच वेळी करावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावे. एकच बाजू केली तर दोन्ही खर्च वाया जातात. फवारणीनंतर औषध पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला आत येऊ देऊ नये.

सणांचा विचार आधीच करावा. श्रावणात घरमालकाकडे कानबाई देवी बसते आणि नातलगांची रीघ लागते. एकच फाटक असेल तर त्या दोन दिवसांत कुत्रा कोठे राहील हे आठवडाभर आधी ठरवावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाडेकरू गावी जातात, तेव्हा कुत्रा सोबत जाणार की कोणी येऊन सांभाळणार, ते विचारून घ्यावे. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरून मोठे कुत्रे फाटक ओलांडून पळतात, त्यामुळे त्या रात्री आतली खोली बंद ठेवायला सांगावे. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्यावर कुत्र्याचे पायही भाजतात. फिरवणे सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर व्हावे, हे भाडेकरूला आपुलकीने सांगण्यात घरमालकाचा अधिकार कोठेही ओलांडला जात नाही.

तक्रार आल्यास आधी स्वतः खात्री करावी, मग तोंडी सांगावे, न सुधारल्यास तारखेसह लेखी कळवून सात दिवस द्यावेत आणि त्यानंतरच करारात लिहिलेली मुदत देऊन जागा सोडण्याची नोटीस द्यावी. पाणी किंवा वीज तोडण्याचा मार्ग चुकूनही धरू नये. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास १९९९ च्या अधिनियमाचे कलम २९ मनाई करते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. आणि शेजारी कोणी "मी पाहतो त्या कुत्र्याचे काय करायचे ते" असे बोलत असेल, तर त्याला ठामपणे सांगावे की प्राण्याला विष देणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

चावण्याचा प्रसंग घडलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी जखमी माणसाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये.

आठवी पायरी: घर सोडताना

अनामत परत करण्यापूर्वी सामान पूर्ण हललेले असावे आणि दारे-खिडक्या एक रात्र बंद ठेवून सकाळी घर उघडावे. वास असेल तर तेव्हाच कळतो. मूत्राचा वास असलेल्या जागी आधी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन वाळू द्यावे आणि मग एन्झाइमचे क्लीनर वापरावे. ताज्या मूत्रावर ब्लीच ओतू नये, आणि ब्लीच व फरशी धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. कुत्र्याला पार्व्हो झाला असल्यास तो विषाणू जागेत कित्येक महिने टिकतो. धुतलेल्या जागेवर एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात ब्लीच वापरावे आणि पुढचा भाडेकरू पिल्लू आणणार असेल तर त्याला ही माहिती द्यावी.

वजावट करताना ताबा देतानाचा व्हिडिओ समोर ठेवून, दुरुस्तीची पावती दाखवून करावी. जुन्या दाराच्या बदल्यात पूर्ण नव्या दाराची किंमत कापणे न्यायाचे नाही. दहा वर्षे वापरलेल्या दाराला ओरखडे पडले असतील तर पॉलिशचा किंवा रंगाचा खर्च घ्यावा. गोचिडींच्या फवारणीची रक्कम मात्र पूर्ण घ्यावी, आणि फवारणीनंतर तीन आठवडे घर रिकामे ठेवून, भेगा पुन्हा पाहून, मगच पुढच्या माणसाकडून टोकन घ्यावे.